पाण्यातील अळ्या व सुवासिक तेले : एक धडा



पावसाळा लागला की खेडोपाडीच्या वाचकांकडून एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. तो असा : डासांच्या अळ्या मारण्यास आरोग्य खात्याचे औषधच पाहिजे काय? आमच्या परसात गवती चहा आहे, तुळस आहे, घरात ओवा व लवंग आहे. ह्यांच्या तेलाने अळ्या मरतात असे ऐकतो, ते खरे की नुसती बोलवा?

प्रश्न रास्त आहे व तो विचारणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. परंतु त्याचे उत्तर एका शब्दात देऊ गेल्यास त्यापासून हित होण्याऐवजी अहित होईल. आमच्या हातून तसे एकदा घडले, ती हकीकत पुढे येईलच. ह्या धड्याचे सार मात्र आरंभीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचकांस वाट चुकणार नाही. ते हे की, तेलाने अळी मरते ही गोष्ट खरी. परंतु पेल्यातील अळी मारणे निराळे आणि गावातील डास आवरणे निराळे. ह्या दोहोंतील अंतर ज्यास कळले, त्यास हा धडा कळला.

१. डास जन्मतो कोठे?

पूर्वी लोकांची अशी समजूत होती की, दलदलीवरून वाहणाऱ्या वाईट हवेने हिवताप येतो. ‘मलेरिया’ ह्या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. इ. स. १८९७ च्या ऑगस्ट महिन्याच्या २० तारखेस सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस ह्यांस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. ह्या शोधाबद्दल त्यांस १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून दोष हवेचा नसून डासाचा आहे हे ठरले. आणि डासाचा जन्म पाण्यात होत असल्यामुळे डासाशी लढावयाचे ते पाण्याजवळच, हेही ठरले.

डासाच्या चार अवस्था आहेत : अंडे, अळी, कोश व पंख फुटलेला डास. अळी चार वेळा कात टाकते व मग तिचा कोश होतो. आपल्याकडील उष्ण दिवसांत अंड्यापासून उडता डास होण्यास बहुधा सात ते दहा दिवस पुरतात. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण की पुढील सर्व उपाय त्यावर आधारलेले आहेत. अळी खाते, कोश काही खात नाही, पण पाण्यात हालतो. चावते ती मादीच, कारण अंडी पोसण्यास तिला रक्त लागते. नर फुलांचा रस पिऊन राहतो.

आपल्यास ओळखून ठेवण्याजोग्या जाती तीन आहेत.

पहिली, हिवताप पसरवणारी अॅनॉफेलीस. हिची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी पडून राहते. ही बहुधा विहिरी, कालवे, झरे, भातखाचरे व साचलेले स्वच्छ पाणी पसंत करते.

दुसरी, हत्तीरोग पसरवणारी क्युलेक्स. हिची अळी शेपटाकडील श्वासनळी पृष्ठभागास लावून डोके खाली करून लटकते. घाण पाणी, मोरी व गटारे ही हिची घरे होत.

तिसरी, डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारी एडिस. हिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात व ही दिवसा चावते. ही घराजवळच राहते : रांजण, पिंप, टाकी, फुटका माठ, जुना टायर, नारळाची करवंटी, एवढेच काय पण फुलदाणीतील ओंजळभर पाणीही हिला पुरते. आपली अंडी ती पाण्यात सोडीत नाही, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीस चिकटवते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने जिवंत राहतात व पुन्हा पाणी लागले की फुटतात. म्हणून पिंप नुसता उपडा करून भागत नाही. तो आतून घासावा लागतो.

२. तेल दोन जातींचे

आता तेलाकडे वळू. आपण ‘तेल’ म्हणतो त्यात दोन अगदी भिन्न पदार्थ येतात. तीळ, शेंगदाणा, करडई, निंबोळी ह्यांचे तेल घाण्यात दाबून निघते. ते स्थिर तेल होय. उघडे ठेवले तरी ते उडून जात नाही. गवती चहा, निलगिरी, लवंग, दालचिनी ह्यांच्या अंगी जो वास असतो, तो दुसऱ्या जातीच्या तेलाचा. हे तेल वाफेबरोबर उडते, म्हणून त्यास उडते किंवा सुवासिक तेल म्हणतात.

दोहोंची ओळख पटवण्यास एक सोपी परीक्षा आहे. कोऱ्या कागदावर शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब व निलगिरीच्या तेलाचा एक थेंब टाकावा आणि कागद वाऱ्यास ठेवावा. काही वेळाने निलगिरीचा डाग बहुतेक नाहीसा झालेला दिसेल; शेंगदाण्याचा डाग तसाच राहील. शाळेतील मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवावा, कारण उडून जाणे हा जो ह्या तेलाचा स्वभाव, तोच पुढे आपल्या कामात आडवा येणार आहे.

उडते तेल काढण्याची विद्या आपल्या देशास नवी नाही. खानदेशात, नंदुरबारच्या बाजूस, रोशा नावाचे गवत डोंगरउतारावर उगवते. त्याचे तेल काढण्याच्या भट्ट्या तेथे एकोणिसाव्या शतकात चालत असत. ते तेल मुंबई बंदरातून तुर्कस्थानाकडे जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. रीत अशी : मोठ्या हंड्यात गवत व पाणी घालून झाकण लिंपून घ्यावयाचे, खाली जाळ करावयाचा आणि झाकणास जोडलेली नळी थंड पाण्यातून न्यावयाची. वाफ नळीत थंड होऊन पाणी होते, तिच्याबरोबर आलेले तेल त्या पाण्यावर तरंगते, व ते वरचेवर काढून घेतात. आजचे कारखानेही हेच तत्त्व चालवतात.

येथे एक गोष्ट लक्षात येईल. तेल असते ते वाफेत. हंड्यात उरलेल्या काढ्यात ते फारसे राहत नाही. ज्यांस ही गोष्ट ठाऊक नसते, ते वाफ सोडून देतात व काढा जपून ठेवतात. आम्हीही एकदा तसेच केले.

३. तेलाने अळी कशी मरते?

फार दिवसांपासून डबक्यांवर घासलेट ओतण्याची चाल आहे. घासलेटाचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि अळीची श्वासनळी बंद होऊन ती गुदमरते. सुवासिक तेलांचे काम ह्याहून काहीसे निराळे आहे. त्यांतील द्रव्ये अळीच्या अंगात शिरतात व तिच्या मज्जातंतूंचा व्यवहार बिघडवतात. प्रथम अळी वेडीवाकडी वळवळते, मग सुस्त होते, व शेवटी तळाशी जाते.

ही द्रव्ये कोणती, तेही पाहू. लवंगेत मुख्यत्वे युजेनॉल असते व ते तुळशीच्या कित्येक जातींतही सापडते. ओव्यात थायमॉल असते. बाजारात ‘ओव्याचे फूल’ म्हणून जे खडे मिळतात, ते हेच. गवती चहात सिट्रल, संत्र्या-मोसंब्याच्या सालीत लिमोनीन, आणि दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड असते. वनस्पती ही द्रव्ये माणसासाठी करीत नाही. पाने खाणाऱ्या किड्यांपासून आपला बचाव व्हावा म्हणून करते. तेव्हा त्यांच्या अंगी किडे मारण्याचे सामर्थ्य असावे ह्यात नवल नाही.

जगातील अनेक प्रयोगशाळांत ह्यांची परीक्षा झाली आहे. उदाहरणार्थ, तैवान बेटावरील संशोधकांनी २००४ साली तेथील एका जातीच्या दालचिनीच्या पानांचे तेल एडिसच्या अळ्यांवर घालून पाहिले. पाण्याच्या दर दहा लाख भागांत द्रव्याचे ५० हून कमी भाग असता २४ तासांत निम्म्या अळ्या मेल्या. तेव्हा ‘तेलाने अळ्या मरतात’ हे म्हणणे खोटे नाही, हे उघड आहे.

असे असता संशोधक एवढे श्रम का घेतात, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, एकच रासायनिक औषध वर्षानुवर्षे वापरले म्हणजे डास त्यास दाद देईनासे होतात. डी. डी. टी. ह्या औषधाचा कीटकनाशक गुण १९३९ साली पॉल म्यूलर ह्यांनी शोधला व त्याबद्दल त्यांस १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या औषधाने डास कायमचे संपतील अशी आशा पुष्कळांनी धरली होती; परंतु थोड्याच वर्षांत त्यास न जुमानणारे डास निपजले. ज्यास आपल्याकडे लोक ‘अबेट’ म्हणतात त्या टेमीफॉस औषधासंबंधानेही कित्येक देशांत हाच अनुभव आला आहे. सुवासिक तेलात एक नव्हे, अनेक द्रव्ये एकत्र असतात. त्या सर्वांस एकदम तोंड देणे डासास कठीण जाईल, अशी संशोधकांस आशा आहे. आशा योग्य आहे. तथापि आशा म्हणजे औषध नव्हे.

४. आमची चूक

आता आमची स्वतःची हकीकत सांगतो. ती सांगण्यात आम्हांस भूषण नाही. परंतु तिच्यापासून जो धडा आम्ही शिकलो तो दुसऱ्यांस फुकट मिळावा, अशी आमची इच्छा आहे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडी आमच्या परसातील सिमेंटच्या टाकीत अळ्या झाल्या. गवती चहाने अळ्या मरतात असे आम्ही कोठे तरी वाचले होते. आम्ही गवताच्या दोन मोठ्या पेंढ्या कापल्या, एक हंड्यात चांगली उकळून तिचा काढा टाकीत ओतला, आणि दुसरी दोरीने बांधून तशीच पाण्यात सोडली. सर्व अंगण सुगंधाने भरून गेले. तो सुगंध म्हणजेच उडून चाललेले औषध होय, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही. उलट आम्हांस मोठे समाधान वाटले. आम्ही शेजारच्या घरीही जाऊन सांगितले की, ‘आता दर आठवड्यास पिंप घासण्याचा खटाटोप कशास? हे गवत टाका म्हणजे झाले.’ ती माणसे भोळी व आमच्यावर विश्वास ठेवणारी. त्यांनी तसेच केले.

आठव्या दिवशी टाकीत पाहतो तो अळ्या पूर्वीच्या दुप्पट! पाण्यास हिरवट रंग आला होता व पेंढीस बुळबुळीत बुरा धरला होता. घडले होते ते असे. तेल उकळतानाच वाफेबरोबर निघून गेले. मागे उरलेला पाला पाण्यात कुजला. कुजलेल्या पाण्यात सूक्ष्म जंतू माजले आणि हे जंतू म्हणजे तर अळ्यांचे अन्न. इतकेच नव्हे, तर पालापाचोळा कुजलेल्या पाण्याचा वास डासांच्या माद्यांस अंडी घालण्यासाठी ओढून आणतो, ही गोष्टही शास्त्रज्ञांनी पाहिलेली आहे. आम्ही औषध घातले असे समजत होतो. वास्तविक आम्ही डासांस पंगत वाढली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेजारच्या घरातील सात वर्षांची मुलगी तापाने पडली. डोके व डोळ्यांमागे दुखू लागले, अंगावर लाल पुरळ उठले. तालुक्याच्या रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा डेंग्यू ठरला. पाच दिवस तिची आई खाटेजवळून हालली नाही. मुलगी बरी होऊन घरी आली. तिला चावलेला डास त्याच पिंपातला होता असे आम्ही सिद्ध करू शकत नाही. पण तो तेथला नव्हता, असेही आमच्याने म्हणवत नाही. त्या माउलीने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने पुढे एवढेच विचारले, ‘दादा, मग आता पिंप घासायचा का?’ त्या प्रश्नाने आम्हांस जी लाज वाटली, तीतून हा धडा निघाला आहे.

५. तीन बरण्यांची परीक्षा

जे दुसऱ्यास सांगावयाचे, ते प्रथम आपण पारखून पाहावे. आम्ही हे पुढे केले. आधी करावयास पाहिजे होते. परीक्षा कशी करावी ते सांगतो. प्रचारक बंधूंस व शाळेच्या शिक्षकांस ती सहज करता येईल.

सारख्या आकाराच्या तीन बरण्या घ्याव्या व प्रत्येकीत एक लिटर एकाच ठिकाणचे पाणी भरावे. प्रत्येकीत वीस वीस मोठ्या अळ्या चमच्याने सोडाव्या. तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही, म्हणून एका लहान बाटलीत चमचाभर पाणी, किंचित साबण व तेलाचा एक थेंब घालून खूप हलवावे आणि ते दुधाळ पाणी पहिल्या बरणीत ओतावे. दुसऱ्या बरणीत तेवढेच साबणाचे पाणी घालावे, पण तेल घालू नये. तिसऱ्या बरणीत काहीच घालू नये. तोंडास पातळ फडके बांधून बरण्या सावलीत ठेवाव्या आणि २४ तासांनी मेलेल्या अळ्या मोजाव्या.

दुसरी व तिसरी बरणी कशास, असे मुले विचारतील. त्यांस सांगावे की, साबणानेही अळ्या मरू शकतात. दुसरी बरणी नसेल तर साबणाचे श्रेय आपण तेलास देऊन बसू. आणि काही अळ्या तर हाताळल्यानेच मरतात. तिसरी बरणी नसेल तर त्यांचेही श्रेय तेलास जाईल.

ह्याचा हिशेब कसा करावा, हे अॅबट नावाच्या गृहस्थाने १९२५ साली दाखवून दिले व तीच रीत आजही चालते. समजा, साध्या बरणीत २० पैकी २, म्हणजे शेकडा १० अळ्या मेल्या. आणि तेलाच्या बरणीत २० पैकी ११, म्हणजे शेकडा ५५ मेल्या. ५५ तून १० वजा केले, उरले ४५. साध्या बरणीत जगल्या शेकडा ९०. ४५ ला ९० ने भागले असता अर्धे येते. म्हणजे तेलाचे खरे काम शेकडा ५० एवढेच. साध्या बरणीतच शेकडा २० हून अधिक मेल्या, तर ती सर्व परीक्षा फुकट गेली असे समजून पुन्हा करावी. एकदाच्या फलावर भिस्त ठेवू नये. निदान चार वेळा तरी करून पाहावे.

परीक्षेचा खरा भाग मात्र ह्यापुढेच आहे. तेलाच्या बरणीतील पाणी तसेच उघडे ठेवून तीन चार दिवसांनी त्यात नव्या अळ्या सोडाव्या. बहुधा त्या आनंदाने पोहताना दिसतील, कारण तोवर तेल उडून गेलेले असते. ऊन लागल्यास ते ह्याहूनही लवकर निकामी होते. परीक्षा संपली की सर्व पाणी तापलेल्या कोरड्या जमिनीवर ओतून द्यावे. नाही तर परीक्षेतूनच डास उडतील.

६. थोडा हिशेब

सुवासिक तेलाचे वीस ते तीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. म्हणजे लिटरभर पाण्यात एक थेंब घातला असता दहा लाख भागांत अदमासे ३० ते ४५ भाग होतात. एका बरणीस एक थेंब ही गोष्ट सोपी वाटते. परंतु घरातील पिंप २०० लिटरांचा असतो. त्यात दहा लाखांस ५० भाग हे मान ठेवण्यास १० ग्रॅम तेल लागेल. शंभर किलो ओल्या गवती चहातून पाव ते अर्धा किलो तेल निघते. म्हणजे एका पिंपास एका खेपेस दोन ते चार किलो गवत, शिवाय हंडा, भट्टी व सरपण. आणि एवढे करूनही निम्म्याच अळ्या मेल्या तर? सर्व मारण्यास त्याहून अधिक तेल पाहिजे. तेही काही दिवसांत उडणार, म्हणजे आठवडा पुरता लोटण्याआधी पुन्हा तोच खर्च.

ह्याच्या उलट, अबेट औषधाचे पाण्यातील मान दहा लाख भागांस एक भाग एवढेच आहे. आणि पिंप घासण्यास तर नारळाची शेंडी व पाव तासाचे श्रम एवढेच लागते.

संशोधक तेलाचे अतिसूक्ष्म कण करून ते पाण्यात मिसळावे, किंवा ते सूक्ष्म आवरणात कोंडून हळूहळू बाहेर सोडावे, असे प्रयत्न करीत आहेत. त्यांस यश येवो. ते येईल तेव्हा आपणही त्याचा लाभ घेऊ; परंतु तोवर आपल्या मुलाबाळांस त्या आशेवर ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

७. तेल कोठे घालू नये

पिण्याच्या पाण्यात सुवासिक तेल मुळीच घालू नये. वनस्पतीपासून निघाले म्हणून ते निरुपद्रवी, असे समजणे ही मोठी भूल आहे. धोतराही वनस्पतीच आहे. निलगिरीचे तेल, लवंगेचे तेल व कापूर ही थोड्या प्रमाणात पोटात गेली असताही लहान मुलांस झटके येऊन त्यांच्या जिवावर बेतल्याची उदाहरणे आहेत. बाटली मुलांच्या हातास लागणार नाही अशा उंच जागी ठेवावी. पिण्याच्या पाण्यात डासांच्या अळ्यांसाठी घालण्यास जागतिक आरोग्य संघटनेने जी औषधे मान्य केली आहेत, त्यांत कोणतेही सुवासिक तेल नाही.

ज्या हौदात मासे आहेत त्यातही तेल घालू नये. लवंगेच्या तेलातील युजेनॉलने मासे बेशुद्ध होतात. मत्स्यशाळेत माशांस गुंगी आणण्यासाठी त्याचा उपयोगही करतात. मान अधिक झाले तर मासे मरतात. अळ्या खाणारा मित्र मारून अळ्यांशी लढावयास निघणे ह्यापरते अविचाराचे काम कोणते?

मग तेलाचा उपयोग नाहीच काय? आहे, पण थोडा. ज्या पाण्यास माणूस, जनावर व मासा तोंड लावीत नाही व जे आज उपसता येत नाही, अशा लहानशा खाचेत ते तात्पुरते घालता येईल. गवती चहासारख्या तेलाच्या वासाने डास काही वेळ अंगापासून दूर राहतात, हेही खरे. परंतु तो गुण थोड्याच वेळाचा आहे.

८. मग करावे काय?

अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस लागतात, हा आकडा आम्ही आरंभी ध्यानात ठेवावयास सांगितला होता. त्याचा उपयोग आता पाहा. दर सात दिवसांनी पाणी रिकामे केले, तर कोणतीही अळी सहसा डास होणार नाही. महाराष्ट्रात आरोग्य खाते ज्यास ‘कोरडा दिवस’ म्हणते, त्याचे मर्म हेच. आठवड्यातील एक वार ठरवावा. त्या दिवशी घरातील सर्व पिंप, रांजण, माठ व टाक्या रिकाम्या करून, आतून घासून, कोरड्या करून मगच भराव्या. घासल्याने भिंतीस चिकटलेली एडिसची अंडी निघून जातात. भरल्यावर घट्ट झाकण ठेवावे किंवा फडके बांधावे. टायर, करवंट्या व फुटकी भांडी घरामागे पडू देऊ नयेत.

झाकणाचे महत्त्व मुंबई शहरास फार पूर्वीच कळले आहे. तेथील हिवतापाची चौकशी डॉ. बेंटली ह्यांनी केली व तिचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. शहराचा हिवताप पसरवणारा डास घरोघरच्या विहिरींत व हौदांत वाढतो असे त्यात दाखवण्यात आले. तेव्हा विहिरी बुजवणे किंवा त्यांवर डास शिरणार नाही असे झाकण बसवणे हा उपाय पुढे आला. पुष्कळांस तो रुचला नाही, तथापि मार्ग तोच खरा होता.

जे पाणी रिकामे करता येत नाही, त्याची व्यवस्था निराळी. वापराच्या विहिरीत किंवा बांधीव हौदात गप्पी मासे सोडावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांविषयी चौकशी करावी. ते परदेशी मासे असल्यामुळे नदीत व नैसर्गिक तळ्यात सोडू नयेत. तेथील आपल्या माशांस त्यांच्यापासून उपद्रव होतो. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. आशाताई किंवा आरोग्य सेवक औषध घालावयास आले तर त्यांस दारातून परत लावू नये.

आणखी एक जिवंत औषध सांगण्याजोगे आहे. १९७६ साली इस्राएल देशाच्या नेगेव वाळवंटातील एका डबक्यात मेलेल्या अळ्या आढळल्या व त्यांतून एक सूक्ष्म जंतू मिळाला. त्यास शास्त्रज्ञ संक्षेपाने बीटीआय म्हणतात. अळीने तो खाल्ला की तिचे आतडे फाटते. माणूस, गुरे व मासे ह्यांस त्यापासून अपाय होत नाही. कोश मात्र काही खात नसल्यामुळे त्यांवर त्याचा उपाय चालत नाही. निसर्गातूनच औषध हवे असे ज्यांस वाटते, त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

शेवटी एक सूचना. कोणास ताप आला तर तो डेंग्यूचा की हिवतापाचा हे घरी ठरवीत बसू नये. रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूचा संशय असता अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन ह्या गोळ्या देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मानानेच द्यावे, पाणी व पेज भरपूर पाजावी आणि पोटात फार दुखू लागले, सारख्या ओकाऱ्या झाल्या किंवा कोठूनही रक्त आले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

वाचकहो, आपल्या परसातील गवती चहा उपटून टाका असे आम्ही सांगत नाही. त्याचा चहा करून खुशाल प्यावा, आम्हीही पितो. आमच्या घरी व शेजारच्या घरी शनिवार हा कोरडा दिवस ठरलेला आहे. ती मुलगी आता मोठी झाली आहे, आणि पिंपात डोकावून, उजेड पाडून पाहण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले आहे. एकही अळी दिसली तर ती प्रथम आम्हांस हाक मारते, आणि आम्ही शेंडी घेऊन जातो.

वाचकांनी विचार करण्यासाठी प्रश्न

१. स्थिर तेल व उडते तेल ह्यांतील भेद कागदावर कसा दाखवाल?

२. काढा टाकल्याने टाकीत अळ्या वाढल्या, त्याची कारणे सांगा.

३. परीक्षेत दुसरी व तिसरी बरणी कशासाठी ठेवली?

४. पिंप नुसता उपडा न करता घासावा असे का सांगितले?

५. कोरडा दिवस सात दिवसांनीच का, पंधरा दिवसांनी का नाही?

६. तुमच्या वस्तीत रिकामे न करता येणारे पाणी कोठे कोठे आहे? त्याची यादी करून प्रत्येकाचा उपाय लिहा.